तीळ आणि जिताडा

आमच्या घरात काही गुप्त बोलायचं असलं की आधी मला खोलीबाहेर काढतात. मी शाळेत होते तेव्हापासूनचा हा रिवाज आहे. मामाचं लग्न ठरलं ही बातमी आमच्या अख्ख्या मजल्याला आजोळच्या माणसांच्या आधी कळली, ती माझ्या कृपेने. "हिच्या तोंडात तीळ भिजत नाही," असं आई म्हणायची, आणि बाबा आपल्या मालवणीत पुढचं जोडायचे, "तीळ काय, साबुदाणो ठेवलंस तरी कोरोच भायर येतलो."

पुढे मी दातांची डॉक्टर झाले. हा व्यवसाय माझ्यासारखीसाठीच निघालेला आहे. समोरच्याचं तोंड उघडं असतं पण त्याला बोलता येत नाही, त्यामुळे मी बोलते. बोरिवलीतल्या माझ्या दवाखान्यात रूट कॅनाल करून घेतलेल्या माणसाला बांगड्याच्या तिरफळाच्या आमटीपासून आमच्या सोसायटीच्या निवडणुकीपर्यंत सगळं ठाऊक असतं.

तर अशा माझ्याकडे सध्या एक गुपित आहे, आणि ते अजून माझ्याकडेच आहे! मला स्वतःलाच याचं इतकं नवल वाटतं की ते कसं आलं आणि कसं राहिलं हे सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही. गुपित नाही सांगत. गुपिताची गोष्ट सांगते.

बाबांचं गाव मालवणकडचं. नोकरी वांद्र्याच्या सरकारी ऑफिसात झाली, संसार बोरिवलीत झाला, आणि रविवार मात्र सगळे खाडीत गेले. गळ टाकून मासे पकडण्याला मालवणीत गरवणं म्हणतात. "आमचे बाबा गरवायला गेलेत," असं मी वर्गात सांगितलं की मैत्रिणींना वाटायचं, हे कुठेतरी मिरवायला गेलेत. खरं तर गरवणारा माणूस मिरवतो तो मासा. जागा तो लपवतो.

बाबांच्या गरवणाऱ्या दोस्तांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावरचे फोटो बघण्यासारखे असतात. प्रत्येक मासा बिल्डिंगच्या लिफ्टसमोर, नोटीस बोर्डाखाली, नाहीतर मोरीत काढलेला. पाण्याकाठी कुणी फोटो काढत नाही, कारण मागे एखादं वाकडं झाड दिसलं, पलीकडच्या काठावरचा टॉवर दिसला, की जाणत्याला जागा कळते. "कुठे मिळाला?" असं कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं आहे, "पाण्यात." आमच्या शेजारच्या काकांनी एकदा पार्किंगमध्ये काढलेला फोटो टाकला आणि त्यात त्यांच्या चपलांना लागलेला चिखल दिसला. तो मनोरीचा की गोराईचा यावर ग्रुपवर आठवडाभर खल चालला होता. काकांनी त्यानंतर फोटोच्या आधी पाय धुवायला सुरुवात केली.

बाबा मुळात असे घुमे नव्हते. वांद्र्याच्या बाजूला खडकांत त्यांची एक जागा होती, ऑफिस सुटल्यावर जायची. ती त्यांनी मागेल त्याला सांगितली. मासा काय कुणाच्या बापाचा, असं तेव्हा ते म्हणायचे. मग कुणीतरी तिथला व्हिडिओ टाकला, 'झकास स्पॉट' म्हणून, खाली नकाशासकट. बघता बघता त्या खडकांवर उभं राहायला जागा उरली नाही. बोटाएवढी तांबोशीची पिल्लं लोक पिशव्या भरभरून नेऊ लागले. काही दिवसांनी गरीला, म्हणजे गळाला, काही लागेनासं झालं, आणि मागे राहिली तंगूसची, गळाच्या नायलॉन दोरीची, गुंतवळ आणि वेफर्सची पाकिटं. बाबा शेवटचे तिथून आले त्या दिवशी "वाट लागली" एवढंच म्हणाले आणि ताटातल्या तळलेल्या सुरमईला त्यांनी हात लावला नाही. मालवणी माणसाने सुरमई तशीच ठेवली म्हटल्यावर आम्ही कुणी त्यांना काही विचारलं नाही.

त्यांची दुसरी जागा खाडीतली होती, आणि ती मात्र त्यांनी कुणालाही सांगितली नाही. ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या एका कोळी मित्राने त्यांना ती दाखवली होती. दाखवताना एक वचन घेतलं होतं, की एकाने एकालाच दाखवायची, आणि तीही आपल्याला जाता येईनासं होईल तेव्हा. तो मित्र आता नाही. जागेपर्यंत मार्व्याहून बोटीने जायचं, की गोराईकडून, की तिसरीकडूनच, यातलं मी काही सांगणार नाही. शेजारचे काका हे वाचणार आहेत.

मग बाबांच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला. ऑपरेशन ठरलं, आणि आता चिखलात पाय घालायचा नाही हेही ठरलं. ही बातमी कळल्यापासून काका रोज संध्याकाळी येऊन बसू लागले. कधी वडे आणायचे, कधी नुसतेच उसासे.

"ती जागा आता देवाला वाहणार काय रे?" ते एकदा सरळच म्हणाले.

"ती आमची गंमत आसा," बाबा म्हणाले. "ग्रुपार टाकूची न्हय."

काका वाईट नाहीत. पण त्यांना मोठा मासा मिळाला की आनंद त्यांच्यात मावत नाही, आणि पुढच्या रविवारी ते दोघा-तिघांना घेऊन जातात. दोघा-तिघांचे आणखी दोघे-तिघे होतात. बाबांना ते माहीत होतं. माझा भाऊ परदेशात असतो आणि त्याला मासा फक्त काटे काढलेला चालतो. राहिले मी.

"मला दाखवा," मी म्हणाले.

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "तुका? तुका दाखवण्यापरास पेपरात छापतंय!"

आईही हसली. मला संताप आला. मी लहानपणापासून त्यांच्या मागे लागत होते, आणि दर वेळी चिखल आहे, ऊन आहे, मुलीला तिथे सोय नाही, अशी कारणं ऐकत होते. आता तर तोंडावर हसत होते.

"मग काय करणार त्या जागेचं?"

"माझ्याबरोबर जांव दे," बाबा म्हणाले. हे ते हसत म्हणाले नाहीत.

मला ते फार लागलं. मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "बाबा, इतकी वर्षं मी लोकांच्या तोंडात हात घालते. कुणाची कवळी आहे, कुणी बायकोपासून लपवून गुटखा खातो, आपल्याच मजल्यावरच्या कुणाचे किती दात खोटे आहेत, हे मला माहीत आहे. एक तरी गोष्ट माझ्याकडून तुमच्या कानावर आली?"

बाबा विचारात पडले. आईसुद्धा. मग आई हळूच म्हणाली, "मजल्यावर कुणाचे गं?" मी तोंड घट्ट मिटलं, आणि बाबा माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला लागले.

ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी त्यांचा फोन आला. "चल गो."

मला रस्ता समजावून सांगा, मी आठवणीसाठी खुणा करते, असं मी निघताना म्हणाले तर ते थांबले. "जागा सांगूची नसता, दाखवूची असता. सांगितलेली जागा चलत रवता. दाखवलेली थयच रवता."

आम्ही गेलो. शेवटचा टप्पा खाजणातून होता. खारफुटीची मुळं चिखलातून वर आलेली, त्यांच्यामधून वाट अशी नाहीच, बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून एकेक पाय उचलत होते आणि मी चिखलात पोटरीपर्यंत रुतत होते. निवट्या, चिखलातले ते बारके मासे, टुणटुण उड्या मारून बिळांत पळत होत्या. आणि मग झाडी एकदम संपली. एक अरुंद नाळ, म्हणजे पाण्याचा ओहोळ, येऊन खाडीला मिळत होती, आणि जिथे मिळत होती तिथे पाणी स्वतःभोवतीच फिरत होतं. बस, एवढंच. आमच्या हॉलएवढीसुद्धा जागा नसेल. मी म्हणाले, "हे?" आणि तेवढ्यात त्या फिरत्या पाण्यात काहीतरी असं काही सळसळलं की माझा तो प्रश्न तिथेच बुडाला!

बाबांनी गरीला जिवंत कोळंबी शेपटीकडून लावायला शिकवली. गरीचा उलटा काटा त्यांनी पकडीने दाबून टाकलेला होता, मासा सोडायचा झाला तर तोंड फाटू नये म्हणून. पहिल्या फेकीला तांबोशी, दुसऱ्या फेकीला आणखी एक. मी आनंदाने चिखलात नाचत होते. तिसरी फेकणार तर बाबांनी रॉड हातातून घेतला.

"एका कालवणाचे झाले."

"अहो बाबा, अजून आहेत! बघा ना, ते बघा!"

"आसत. म्हणान तर थांबूचा."

परत येताना ते जिताड्याबद्दल बोलत होते. जिताडा म्हणजे खाडीचा राजा, त्याच्या कालवणासाठी आमच्याकडची माणसं घरदार विकतील. पण बाबा मोठ्या जिताड्याला 'ती' म्हणत होते. ती अशी लागते, ती अशी उडी मारते. मी म्हणाले, "तो जिताडा, बाबा."

"ल्हान आसा तवसर तो. मोठो झालो की ती. आवस आसा ती. आवशीक घराक न्हेवचा नाय." आवस म्हणजे आई. हे त्यांना त्या कोळी मित्राने सांगितलं होतं, आणि जागेबरोबर घेतलेल्या वचनात हेही होतं.

मला वाटलं, ही बोलण्याची एक पद्धत. घरी येऊन सहज शोधलं तर काय! जिताडा खरोखरच आधी नर असतो, आणि वाढत वाढत मादी होतो. खाडीतला मोठा जिताडा म्हणजे बहुतेक वेळा अंडी घालणारी आईच. मी खुर्चीतून उडालेच. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पहिल्या पेशंटला मी ते सगळं सांगितलं. माशाचं सांगितलं. जागेचं नाही. दाढ भरून होईपर्यंत ती जागा माझ्या जिभेवर येऊन बसली होती आणि मी ती गिळली. गिळता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

ऑपरेशन नीट पार पडलं. श्रावण सरला, गणपती आले. आमचा गणपती पाच दिवसांचा. तो गेला की आमच्या घराला मासे लागतात, आणि श्रावणापासून दाबून ठेवलेली भूक एकाच रविवारी उसळी मारते. आईने आदल्या दिवशीच ओल्या खोबऱ्याचं वाटप करून फ्रिजमध्ये ठेवलं आणि मला फोन केला, "हे बघ, मी बाजारात जाणार नाही. तू आणशील ते शिजवीन." काकांनी जेवायचं आमंत्रण स्वतःच स्वतःला दिलं होतं. रविवारी सकाळी मी रॉड न्यायला माहेरी गेले तेव्हा बाबा वॉकर धरून दारापर्यंत आले आणि म्हणाले, "द्वादस आसा. पाऊणपट कर." तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. बाराची पाऊणपट नऊ. मोबाइलवरही तेच होतं.

मी पहिल्यांदाच एकटी निघाले होते. कुणी मागावर असेल म्हणून स्कूटर लावून आधी मुद्दाम उलट्या दिशेला चालत गेले. कुणीही मागावर नव्हतं, एक कुत्रा होता.

पाणी चढत होतं. मी कोळंबी लावली, नाळेच्या तोंडाशी फेकली आणि उभी राहिले. कितीतरी वेळ काही नाही. एकेक करून कोळंब्या कोणीतरी अलगद खाऊन जात होतं. शेवटची कोळंबी लावताना मी तिला म्हणालेसुद्धा, "आता सगळं तुझ्यावर आहे बाई."

आणि मग रॉड नुसता वाकला नाही, तो हातातून निघालाच होता! रीळ किंचाळायला लागलं, तंगूस सरसर सुटत होता, मी चिखलात घसरत पाण्याकडे ओढली जात होते आणि तोंडाने "अगंगं, अगंगं" एवढंच चाललं होतं. खाडीच्या मध्यावर पाणी फुटलं आणि ती वर आली. अख्खी वर आली, कल्ले पसरून, डोकं झटकत, अंगावरून चांदी ओघळत. धप्पकन पडली तेव्हा पलीकडच्या झाडावरचे बगळे उठले. ती झाडीच्या मुळांकडे पळाली की मी ओढायची, मी ओढली की ती पुन्हा खाडीत जायची. बाबा म्हणाले होते, भांडू नको, थकू दे. मी भांडत होते, रडत होते, हसत होते, आणि शेवटी थकलो ते आम्ही दोघी एकदमच.

ती उथळ पाण्यात आडवी झाली. माझ्या खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत ती होती. डोळा लालसर सोनेरी. इतकी सुंदर गोष्ट मी कधी हातात धरलेली नाही, आणि माझी मुलं हे वाचणार असली तरी मी ते खोडणार नाही.

माझ्या डोक्यात जे आलं ते आलंच. फ्रिजमधलं वाटप आलं. एवढ्या माशाच्या पोटात केवढी गाभोळी असेल, आणि तव्यावर कुरकुरीत तळलेली गाभोळी आईला किती आवडते, हेही आलं. काकांचा आ वासलेला चेहरा आला. जन्मभर ज्यांनी मला खोलीबाहेर काढलं त्या सगळ्यांसमोर हा मासा घेऊन लिफ्टमधून बाहेर पडायचं, हे आलं. मग म्हटलं, न्यायचा नाही ना, नको, निदान एक फोटो. मी खिशातून फोन काढलाही. समोर धरला. पडद्यावर ती होती, आणि तिच्या मागे ती नाळ, ते फिरतं पाणी, पलीकडचा काठ, सगळं लख्ख दिसत होतं. आणि मला कळलं की हिचा फोटो होणारच नाही. लिफ्टसमोर काढायचा तर हिला मारून न्यायला हवी, आणि जिवंत काढायचा तर जागा गेली.

मी फोन खिशात टाकला. "आ करा," मी सवयीने म्हणाले, आणि पकडीने गरी सुटी केली. काटा दाबलेला होता, अलगद निघाली. तेवढ्यात तिने एक झटका दिला आणि कल्ल्याच्या धारेने माझा अंगठा चिरला. मला ते दुखलंही नाही. तिचं तोंड वाहत्या पाण्याकडे करून मी तिला दोन्ही हातांनी धरून बसले. कल्ले उघडत होते, मिटत होते. हळूहळू शेपटीत जीव आला. तिने एकदा जोरात ढकललं आणि माझे हात रिकामे झाले.

"आवस गेली!" मी त्या ओसाड खाजणात बोंबलले. "बाबा, आवस गेली!" तिथे ऐकायला कुणी नव्हतं म्हणून आणखी दोनदा बोंबलले.

घरी पोचले तर काका दारातच उभे. त्यांची नजर माझ्या चेहऱ्याकडे नव्हती, पिशवीकडे होती.

"काय गं, कुठे होतीस?"

"पाण्यात," मी म्हणाले.

"ते ठीक. मिळालं काय?"

"चिखल." मी पिशवी उलटी करून दाखवली.

काका मनापासून हळहळले. "मग ती जागा खलास झालेली दिसते यार. उगाच जपली त्याने इतकी." दात ओठावर दाबून मी उभी होते. ती वर आली काका, अख्खी वर आली, एवढी, एवढी! हे सगळं घशाशी आलं होतं.

"आणि मी या वाटपाचं काय करू?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"अंडी घाल," मी म्हणाले.

बाबा खुर्चीत बसले होते, पाय स्टुलावर. त्यांनी रिकामी पिशवी बघितली आणि खाली बघितलं. त्यांनाही वाटलं असणार, संपली जागा. मग त्यांची नजर माझ्या अंगठ्यावर गेली. त्याला गुंडाळलेल्या रुमालावर लाल डाग आला होता. त्यांनी माझा हात ओढून घेतला आणि रुमाल सोडला. सरळ, बारीक, वस्तऱ्याने ओढल्यासारखी चीर. बाबांच्या स्वतःच्या उजव्या अंगठ्यावर, अगदी तिथेच, एक जुना पांढरा वण आहे. तो कशाचा हे आम्ही कितीदा विचारलं होतं, आणि त्यांनी दर वेळी "कालव लागला", म्हणजे खडकावरच्या शिंपल्याची धार लागली, असं सांगितलं होतं.

"कालव लागला काय गो?" बाबांनी मोठ्याने विचारलं.

"हो," मी म्हणाले. "कालवच लागलं."

त्यांनी आपला डावा हात पुढे केला आणि उजव्या हाताने कोपरावर टिचकी मारली. एवढी? मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी दंडाच्या मध्यावर बोट ठेवलं. मी पुन्हा नाही म्हणून मान हलवली, आणि त्यांचं बोट धरून थेट खांद्यापर्यंत नेलं. बाबांचे डोळे भरून आले. माझे तर कधीचेच भरले होते.

"काय रे, काय खाणाखुणा चालल्यात बाप-लेकीच्या?" काका म्हणाले.

बाबांनी रुमाल पुन्हा माझ्या अंगठ्याभोवती घट्ट बांधला.

"काय नाय रे," ते म्हणाले. "तीळ भिजलो."